बायकोचं दुखणं

सकाळी संडासात रक्त दिसलं आणि बद्रीनाथांनी मनाशी कॅन्सर पक्का केला. पडेगावात घर, औरंगाबादेत कचेरीत हेडक्लार्कची जागा. अठरा वर्षं ते एकाच खुर्चीला चिकटून होते. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, नुसतं लालभडक रक्त. असलं कुणाला सांगायचं?

पुन्हा संडासला जायला नको म्हणून त्यांनी जेवण निम्म्यावर आणलं. पाणीही तोडलं. त्यामुळं खडा झाला, खडा झाला म्हणून कुंथावं लागलं, आणि कुंथलं की पुन्हा रक्त. आठ दिवसांत पँट कमरेवर ठरेना.

नवव्या दिवशी ते शहरातल्या एका दवाखान्यात शिरले. पाटीवर 'डॉ. ए. मोहियोद्दीन' होतं. आत डॉक्टर म्हणून बसल्या होत्या अमिनाबाई.

"काय त्रास आहे?"

"मला नाय, बायकोला हाय," बद्रीनाथ म्हणाले, आणि आपलं सगळं दुखणं त्यांनी बायकोच्या नावानं सांगून टाकलं.

अमिनाबाईंनी शांतपणे ऐकलं. "मूळव्याध असेल. पण रक्त दुसऱ्या कशानंही जातं. तपासल्याशिवाय मी औषध देत नाही. उद्या घेऊन या त्यांना."

"ती लई लाजरी हाय."

"म्हणून तर माझ्याकडं आणा."

घरी आल्यावर ते बायकोला, सरूबाईंना म्हणाले, "तुला अशक्तपणा दिसतोय. उद्या दवाखान्यात जाऊ." सरूबाईंनी नवऱ्याच्या सैल पँटकडं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी काही न विचारता निघाल्या.

"रक्त कसं जातं?" अमिनाबाईंनी त्यांना विचारलं. बद्रीनाथांनी नजर पंख्याला लावली.

सरूबाईंनी पंख्याकडं पाहणाऱ्या नवऱ्यावर नजर टाकली. मग म्हणाल्या, "लालभडक. परसाकडं झाल्यावर थेंब थेंब. दुखत नाय, पण कोंब बाहेर येतो. बोटानं आत सारावा लागतो."

कोंबाचं तर बद्रीनाथांनी सांगितलंच नव्हतं. बायकोच्या हुशारीनं ते थक्क झाले.

अमिनाबाईंनी सरूबाईंना पडद्याआड नेऊन तपासलं. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "मूळव्याधच आहे. तिथल्या शिरा फुगतात. कुंथण्यानं, तासन्‌तास बसण्यानं, बाळंतपणानं. पालेभाजी खा, पाणी भरपूर प्या, कुंथू नका. औषध देते, महिन्यानं दाखवा."

"बाई, आता यांनाबी तपासा," सरूबाई म्हणाल्या. "आठ-नऊ दिवस झाले. धुणं मीच धुते."

बद्रीनाथांचे कान तापले. अमिनाबाई हसल्या नाहीत, त्यांनी फक्त पडदा बाजूला धरला.

बद्रीनाथांची मूळव्याध अगदी सुरुवातीची निघाली. कॅन्सर नाही हे ऐकून ते रस्त्यावर आले तेव्हा त्यांना कडकडून भूक लागली होती.

"सरू, माझ्यासाठी लई सफाईनं खोटं बोललीस," बस थांब्यावर ते म्हणाले.

"खोटं काय बोलले? आपल्या बन्सीच्या वेळच्या बाळंतपणापासनं हाय मला. अकरा वर्षं झाली."

बद्रीनाथ तिच्याकडं वळले. "मग कधी बोलली का नाय?"

"तुम्ही आठ दिवसांत जेवण सोडलं. मीबी तसंच केलं असतं तर चूल कुणी पेटवली असती?"

बस आली. आत एकच जागा रिकामी होती. एरवी ती बद्रीनाथांचीच असायची. आज त्यांनी सरूबाईंना तिथं बसवलं, आणि पडेगाव येईपर्यंत ते दांडी धरून त्यांच्या शेजारी उभे राहिले.