शनिवारी आलेला बँड

जर्मनीतल्या वायमारमध्ये अकरा वर्षं काढल्यावर मी एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो : या गावाचा असा एकही नियम नाही, जो मला पाठ नाही! हिरव्या बाटल्या कुठल्या डब्यात, पांढऱ्या कुठल्या. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला उभं राहायचं. नाटकाला गेलं की कोट बाहेर टांगायचा. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरावर 'येथे अमुक थोर पुरुष राहत होते' अशी पाटी आहे. उद्या आमच्या घरावर माझी लागली, तर 'याने सगळे नियम पाळले' एवढंच लिहा, बास!

तर, आमच्या खालच्याच मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाई, फ्राऊ रोस्नर, रविवारी ऐंशी पूर्ण करणार होत्या. इथे ऐंशी झाली की चर्चचा पितळी बँड खिडकीखाली येऊन वाजवतो. बाईंनी आमच्या पहिल्या हिवाळ्यात आम्हाला सूप पाजून जगवलंय. म्हटलं, बँड मीच ठरवणार! पण रविवारी आवाज करायची बंदी. साधा खिळा ठोकला तरी शेजारी दारात उभे. मग एवढ्या तुताऱ्या? मी बँडमास्तर हेर, म्हणजे श्रीयुत, फोक्टना निरोप ठेवला, "शनिवारी चारला या." काय डोकं चाललं, वा!

शनिवारी साडेतीनला ही हुशारी बायकोला सांगितली. शर्वरी पोळ्या करत होती. लाटणं हवेतच राहिलं.

"आदल्या दिवशी?"

"मग! रविवारी आवाज..."

"अरे शहाण्या, इथे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देत नाहीत! अपशकुन मानतात!"

"हॅ! असं काही नसतं."

"त्यांच्या नवऱ्याच्या साठीला कुणीतरी आदल्या दिवशीच पेला उंचावला. पंधरवड्यात गेला बिचारा! कुणी चुकून काही बोलेल म्हणून बाई आठवडाभर दारसुद्धा उघडत नाहीयेत. आणि तू बँड बोलावलास?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ऐंशी वर्षांचं काळीज, त्यात ही धास्ती, आणि खिडकीखाली तुताऱ्या! बाईंना काही झालं तर?

फोक्टना फोन लावला. बंद! चर्चकडे धूम ठोकली. वाटेत लाल दिवा. रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी थांबलो! अकरा वर्षांची सवय, मेले पायच उचलेनात. चर्चला पोचतो तो दाराला कुलूप. मागे वळलो, तर आमच्या गल्लीतून पहिली फुंकर ऐकू आली.

छाती फुटेस्तोवर परत धावलो. बँड रांगेत उभा होता. बाईंची खिडकी उघडली. फ्राऊ रोस्नर पिठासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"कोणासाठी आलात?" त्यांनी विचारलं.

हेर फोक्टनी टोपी काढली, छाती फुगवली, तोंड उघडलं...

"माझ्यासाठी!" मी किंचाळलो. "आज माझा वाढदिवस आहे!"

"अहो, पण तुम्हीच तर..." फोक्ट म्हणाले. मी त्यांच्या बुटावर पाय दिला. चांगला दाबून दिला!

बँड वाजला. गल्ली गोळा झाली. ज्याचा वाढदिवस त्यानं केक खिलवायचा, ही इथली रीत. सगळे आमच्या घरात! उद्यासाठी आणलेल्या केकवरचे आठ आणि शून्य शर्वरीनं सुरीनं सपाट केले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा नंबर माझाच. पण फ्राऊ रोस्नरच्या गालांवर रंग परत आला होता. बाईंनी दोन तुकडे खाल्ले!

निघताना फोक्ट लंगडत जवळ आले. "शनिवार कशाला निवडलात?"

"रविवारी आवाज चालत नाही ना!"

"अहो, आम्ही दर रविवारी चर्चच्या दारात वाजवतो! अकरा वर्षं झोपला होता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं घेऊन खाली गेलो. बाईंनी स्वतःच दार उघडलं.

"झाली ऐंशी! आता द्या शुभेच्छा," त्या म्हणाल्या. मी दिल्या. त्यांनी माझा हात सोडलाच नाही. डोळे भरून आले होते. "तुमचा वाढदिवस मार्चमध्ये असतो, हेर सरनोबत. दरवर्षी मला शिरा आणून देता."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"खिडकीतच कळलं. माझ्यासाठी एवढं कोण करतं हो! पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. अख्ख्या गल्लीनं तुम्हाला शुभेच्छा दिल्या. पाच महिने आधी!"

मी खो खो हसलो. अहो, असल्या खुळचटपणावर कोण विश्वास ठेवतो! फक्त मार्चपर्यंत मी शिडीवर चढत नाही, आणि हिरवा दिवा असला तरी दोनदा बघून रस्ता ओलांडतो. आणि हो, ते मघाशी पाटीचं म्हणालो ना... ते इतक्यात नको!