पाठीवर बटण नसलेला बोर्ड

"कॉम्प्युटरचा स्वस्त बोर्ड आणि महाग बोर्ड यात फरक फक्त खोक्याच्या रंगाचा. बाकी सगळा दुकानदारांचा चावटपणा," देवजी गुरुजींनी जव्हारच्या डेपोसमोर चहा पिता पिता जाहीर केलं. ऐकायला एकटा चंदू होता. डेपोशेजारी त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं, आणि चहा गुरुजींनी पाजला होता, म्हणून तो बसला होता.

गुरुजी आश्रमशाळेतून निवृत्त झालेले. बायको सोमी जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी रविना ठाण्यात एका कंपनीत. तिचा फोन रविवारी यायचा. "जेवलात?" "जेवलो." "गोळी घेतली?" "घेतली." मग दोन्हीकडून एकेक "बरं" व्हायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत गुरुजींचं बोलणं संपायचं. बाकी दिवस ते टीव्हीवरच्या बातमीदाराला दुरुस्त करत बसायचे.

एका रविवारी रविना बोलता बोलता म्हणाली की साहेब आता घरून काम करू देतात. गुरुजी ताठ बसले. "मग ह्याच घरातून कर की. महिनाभर राहा. मी तुला कॉम्प्युटर बसवून ठेवतो, तुझ्या ऑफिसच्या तोडीचा."

"बघू बाबा," रविना म्हणाली.

गुरुजींनी स्वतः नोकरीत असताना पोरांना सहलीबद्दल दरवर्षी "बघू" म्हणून सांगितलं होतं आणि एकही सहल निघाली नव्हती. तरी हा "बघू" त्यांनी होकारात धरला.

मग अभ्यास सुरू झाला. मोबाइलवर व्हिडिओ बघून गुरुजींना कळलं की कॉम्प्युटरच्या पोटात मदरबोर्ड असतो आणि मदरबोर्डवर चिपसेट नावाचा कारभारी बसलेला असतो. कुणाला किती जागा, कुणाला किती वेग, ते तो ठरवतो. ह्या कारभाऱ्यांत तीन भाऊ. धाकटा एच, मधला बी, थोरला झेड. धाकट्याकडे मेमरीच्या पट्ट्या खोचायला दोनच फटी, मधल्याकडे चार. थोरला तर प्रोसेसरला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूला, त्याच्या ताकदीबाहेर पळवू शकतो. "आता मला सांगा, प्रोसेसरला पळवून न्यायचंय कुठं?" असं गुरुजी बाजारात वांगी घेताना विचारायचे. वांगीवालीला ठाऊक नसायचं. जव्हार-खोडाळा जीप चालवणारा पुंजा गाडी भरून माणसं टपावर लटकत असली तरी आणखी एकासाठी थांबायचा, पण हल्ली गुरुजी रस्त्यात दिसले की तो समोर बघून सरळ निघून जायचा.

गुरुजींनी धाकटा घेतला. त्यात प्रोसेसर मात्र अगदी नवा, ताजा घेतला. पोरीला कमी पडू नये. नाशिकहून खोकी आली, गुरुजींनी व्हिडिओ थांबवत थांबवत जोडणी केली, उदबत्ती लावली आणि बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लागला. पडदा काळाच राहिला.

त्यांनी रविनाला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून तिनं घाबरून उचलला. "काय झालं बाबा? छातीत दुखतंय का?"

"छाती बरी आहे. बोर्ड उठत नाही."

तिनं ऑफिसातल्या कुणाला तरी विचारलं आणि संध्याकाळी उलट फोन केला. प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा होता. बोर्ड त्याला ओळखतच नव्हता. बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर नवं करावं लागणार, आणि ते करायला बोर्ड आधी उठायला हवा, आणि उठायला त्याच्या ओळखीचा जुना प्रोसेसर हवा. "महागाच्या बोर्डाला ना, बाबा, पाठीवर एक बटण असतं. पेनड्राइव्ह खोचायचा, बटण दाबायचं, झालं. प्रोसेसर लागतच नाही."

"आणि आपल्याला?"

"आपल्याला कुणाकडून तरी मागून आणावा लागेल."

जव्हारमध्ये जुना प्रोसेसर चंदूकडेच असण्याची शक्यता होती. गुरुजी दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या दुकानात गेले. त्या दिवशी नेमक्या दाभोशाहून जीप भरून बाया फॉर्म भरायला आल्या होत्या. चंदू नको नको म्हणत होता. पण लहानपणी गुरुजींनी त्याला पाढे शिकवले होते, आणि चुकल्यावर काय केलं होतं तेही त्याच्या लक्षात होतं. त्यानं डबा उघडून दिला. प्रोसेसर बाहेर निघाला तेव्हा कळलं की तो दुसऱ्याच कंपनीचा आहे, गुरुजींच्या बोर्डात तो बसणं शक्यच नाही. परत आपल्या जागी बसवला, तर चंदूचा कॉम्प्युटरही उठेना.

"गुरुजी," चंदू हळू आवाजात म्हणाला, "कालपर्यंत जव्हारात एक बंद होता. आज दोन झाले."

बाया उठून आल्या. फॉर्म कोण भरणार, परत जायचं भाडं कोण देणार, असं सगळ्या एकदम विचारायला लागल्या. चंदूनं नुसतं गुरुजींकडे बोट दाखवलं. दुकान सुरू होईपर्यंत उन्हात कुठं थांबायचं म्हणून सगळ्या गुरुजींच्या मागोमाग त्यांच्या घरी आल्या. ओटा भरला, मग पडवी भरली. शेजारच्या चंद्रकलाबाईंनी आपलं मोठं पातेलं आणून चहा टाकला आणि विचारलं, "गुरुजी, कुनाचं लगीन हाय का घरात?"

बायांतली सगळ्यात म्हातारी पोशी. ती सरळ आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली. एवढा मोठा डबा बंद का, हे तिला समजून घ्यायचं होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी गुरुजींना चिपसेटबद्दल आपणहून विचारत होतं. त्यांनी तिला तिन्ही भाऊ समजावून सांगितले. जुना प्रोसेसर का लागतो तेही सांगितलं.

"म्हंजे चुलीवानीच," पोशी म्हणाली. "आपली इझली का शेजारनीकडून इस्तव आनायचा."

"अगदी तसंच."

"आन् त्यो महागाचा?"

"त्याला कुणाचा विस्तव लागत नाही. पाठीवर बटण असतं."

पोशीनं चहाचा घोट घेतला. "मंग त्याच्या घरी कोन जाईल?"

चंदूचं दुकान दुपारनंतर सुरू झालं आणि बाया गेल्या. गुरुजींनी कप मोजून चंद्रकलाबाईंना परत केले आणि पडवीत थोडा वेळ उगाच उभे राहिले.

पण आता एक नवीनच गोष्ट झाली. रविनाचा फोन रोज संध्याकाळी यायला लागला. बोर्ड कुठल्या साली बनला, खोक्यावर काय लिहिलंय, पंखा किती वेळ फिरतो. गुरुजी उत्तरं पुरवून पुरवून द्यायचे. एका दिवसात सांगता येण्यासारखं ते तीन दिवसांत सांगायचे. आणि शेवटी एका शनिवारी रविना स्वतःच एसटीतून उतरली. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला जुना प्रोसेसर होता, ऑफिसातल्या मित्राकडून मागून आणलेला.

गुरुजींनी नागलीच्या भाकरी केल्या. एक फुगली. रविनानं जुना प्रोसेसर बसवला, बोर्ड उठला, सॉफ्टवेअर नवं झालं. मग नवा प्रोसेसर बसवला, आणि पडद्यावर निळा उजेड आला. गुरुजींनी खुर्ची पुसली. "बस. कर काम."

रविनानं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि त्या खुर्चीत बसून, कॉम्प्युटर जरा बाजूला सरकवून, तो उघडला.

"हे काय?"

"ऑफिसचा आहे, बाबा. दुसऱ्या मशीनवर काम नाही करू देत."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतके खूश होतात." तिनं लॅपटॉपचा पडदा जरा खाली केला. "आणि मला खरंच वाटलेलं, जमेल महिनाभर यायला."

रविवारी दुपारच्या गाडीनं ती गेली. जुना प्रोसेसर मित्राला परत द्यायचा होता. निघताना तिनं सांगितलं की आता काही अडचण यायची नाही.

आली नाही. धाकटा बोर्ड पावसात चालला, वीज गेली-आली तरी चालला, पाल आत शिरून बसली तरी चालला. डेपोसमोर गुरुजी म्हणाले होते ते खरं ठरलं होतं, आणि त्यांना त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. फोन परत रविवारवर गेला. "जेवलात?" "जेवलो." "कॉम्प्युटर?" "चालू आहे." "बरं."

एका बुधवारी गुरुजींनी पेचकस घेतला. मेमरीची एक पट्टी जराशी सैल करायची, बस, एवढाच बेत होता. पण पट्टीपाशी जाता जाता त्यांना प्रोसेसरही आपल्या जागी घट्ट बसलाय का ते बघावंसं वाटलं. त्यांनी पंखा काढला, झाकण उघडलं, प्रोसेसर उचलून ताटलीत ठेवला, आणि पेचकस हातातून सुटून उघड्या बोर्डावर पडला. वाऱ्यानं भात आडवा व्हावा तशा आतल्या बारीक पिना आडव्या झाल्या.

त्यांनी फोन लावला. आवाज दुःखी ठेवायचा होता, तो आपोआप तसा निघाला. "बाई, बोर्ड मेला. ह्या वेळेला खरंच मेला. तुला यावंच लागेल बघ."

पलीकडून रविनाचा आवाज आला, भरून आलेला. "बाबा, चूक माझीच. तुम्हाला एकट्याला ह्या स्वस्तातल्या गोष्टींशी झगडायला लावलं. तुम्ही काहीच करू नका."

तिनं थोरला झेड पाठवला. खोकं पुंजाच्या जीपमधून आलं, आणि पुंजा ह्या वेळी थांबला, कारण भाडं आधीच ऑनलाइन मिळालं होतं. काळंभोर खोकं, वर सोनेरी अक्षरं. बोर्डाच्या पाठीवर ते बटण होतं. गुरुजींनी ते बोटानं चाचपून पाहिलं.

जोडणी त्यांनी मुद्दाम घाईनं केली. एक स्क्रू लावलाच नाही. चंद्रकलाबाईंना मोठं पातेलं हाताशी ठेवायला सांगून आले. मग एका हातात फोन धरला, रविनाचा नंबर काढून ठेवला, आणि दुसऱ्या हातानं चालू करायचं बटण दाबलं.

कॉम्प्युटर पहिल्याच फटक्यात चालू झाला.