करंबेळकर सरांचा आहेर

नेऱ्याला नथू पाटलांच्या लेकीचं लग्न लागलं, पंगती उठल्या आणि आहेराला सुरुवात झाली. मांडवाच्या कोपऱ्यात माइकपुढे बसलेल्या वाल्मीकने सहज समोर पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. पाहुण्यांच्या गादीवर, लोडाला टेकून, करंबेळकर सर विडा चघळत बसले होते.

वाल्मीक पुण्याला कॉलेजात जाई आणि लग्नसराईत गेणबाच्या लाउडस्पीकरवर आहेर पुकारी. फी त्यातूनच निघायची. पण लग्नाचे मुहूर्त काही कॉलेजचं वेळापत्रक बघून काढत नाहीत. सरांनी परवाच भर वर्गात दम भरला होता, "आणखी एक तास बुडवलास तर टर्म मिळणार नाही. परीक्षेचं नाव काढू नकोस!" म्हणून पठ्ठ्याने काल मित्राकरवी निरोप धाडला होता, की गालगुंडं झालीत, अंथरुणातून उठवत नाही.

"गेणबा, जरा तुमी बसा की माइकवर," तो कुजबुजला.

"माझा घसा बसलाय. आन् तू उठलास तर उद्यापास्नं येऊ नगंस."

एकीकडे टर्म, दुसरीकडे नोकरी. वाल्मीकने खांद्यावरचा पंचा हनुवटीखालून गालांवर घेतला आणि डोक्यावर गाठ मारली. आता नुसते डोळे आणि नाक दिसत होतं. तेवढ्यात नवरीची आत्या, सारजाबाई, तिथून चालली होती.

"आगं बया! ह्येला तर गालगुंडं झाल्यात!"

"न्हाई आत्या, वारं लागतंय म्हनून..."

"गप बस! पोराबाळांचा मांडव हाय ह्यो."

बाई आल्या पावली गेली ती गेरूचा लेप उगाळूनच आली. पंचा सोडून तिने दोन्ही गाल कानापर्यंत लिंपले, वर दोन शिव्याही हासडल्या. या अवतारात आपली आईही आपल्याला ओळखणार नाही, एवढाच काय तो वाल्मीकला दिलासा होता.

मग नथू पाटील स्वतः आले. "हां, आता पुकार. पुन्याचं पोफेसर करंबेळकर, नवरीला लुगडं."

वाल्मीकने नाक दाबून बारीक आवाजात म्हटलं, "पुण्याचे पाहुणे यांच्याकडून नवरीला लुगडं."

"आरं, पाव्हनं काय? सालोसाल माझा आंबेमोहोर खात्यात त्ये! पोफेसर लग्नाला आलाय ह्ये गावाला कळाया नगं? नाव घे, कालेजाचं बी घे. लई मोठ्यांदा!"

गेणबा डोळे वटारून बघत होता. वाल्मीकने डोळे मिटले आणि सरांचं नाव, कॉलेज, लुगडं, सगळं एका दमात ओरडून टाकलं. कर्णा झाडावर बांधलेला. आवाज थेट शेजारच्या मारुंजीच्या शिवारात गेला असणार.

डोळे उघडले तर सर गादी सोडून तरातरा त्याच्याकडेच येत होते. संपलं सगळं. आता बापाबरोबर औत धरायचं, असं मनाशी म्हणत वाल्मीक उभा राहिला.

"वाल्मीक?"

"सर, खरंच गालगुंड..."

"ते राहू दे! आधी हे यंत्र बंद कर!" सर स्वतःच चोरासारखे इकडेतिकडे बघत होते. वाल्मीकने घाईघाईने खटका दाबला.

"अरे, मलाही आज इथं यायचं होतं. काल तुझा निरोप आला आणि मला सुचलं. प्राचार्यांना कळवलं, की वाल्मीककडून गालगुंडांची लागण झाली, उद्या तास घेता येणार नाही."

"म्हणजे सर, आजचा तास..."

"झालाच नाही!"

वाल्मीकच्या जिवात जीव आला. टर्म वाचली, नोकरीही वाचली. एवढ्यात नथू पाटील मुंडासं सावरत धावत आले.

"पुकार, पुकार! पिन्सिपालसायबांची मोटार येशीत आली! त्येंच्या घरी बी माझाच तांदूळ जातो!"

करंबेळकर सरांच्या तोंडातला विडा तिथेच थांबला. वेशीकडे धूळ उठली होती आणि मोटार मांडवाकडे वळत होती. त्यांनी मोटारीकडे पाहिलं, वाल्मीकच्या लाल गालांकडे पाहिलं आणि माइकशेजारी बसकण मारली. मोटार बघायला पुढे आलेल्या सारजाबाईपुढे त्यांनी टोपी काढून गाल केले.

"सारजाबाई," ते हळूच म्हणाले, "थोडा लेप उरलाय का हो?"