मठातली 'आहा!'

जपानमधल्या आमच्या सेंदाईची भुयारी रेल्वे फलाटावरच्या खुणेपाशी बरोब्बर थांबली, की आमचे नेनेकाका मांडीवर थाप मारून ओरडतात, "आहा! समेवर आली!" डब्यातली माणसं मोबाइलमध्ये माना आणखी खाली घालतात. मी शेजारी असले तर मीही घालते.

काका नात्याचे नव्हेत, शेजारचे. विद्यापीठात भूकंपाचा अभ्यास करायला आले आणि इथलेच झाले. मालूकाकू गेल्यापासून एकटेच असतात. चांगल्या गोष्टीला दाद दिल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा त्यांचा बाणा. कोनबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मुलीने जेवणाचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला, की "क्या बात है!" ती बिचारी वाकते, मग काका वाकतात, मग पुन्हा ती. मागे ही रांग!

पण खरा कहर व्हायचा तो पानं लाल झाली की. शहराबाहेर डोंगरावरच्या जुन्या ख्रिस्ती मठात तेव्हा बरोक संगीताचा उत्सव भरतो. युरोपातलं तीनेकशे वर्षांपूर्वीचं संगीत ते. ऐकणारे असे शिस्तीचे, की खोकलासुद्धा टाळ्यांपर्यंत राखून ठेवतात. मोरी-सान नावाच्या आजी ('सान' म्हणजे आपलं 'राव' नाहीतर 'बाई') तिथे हार्प्सिकॉर्ड वाजवतात. दिसायला पियानोचा भाऊ, आवाज मात्र तारा छेडल्यासारखा. त्यांची एखादी तान फिरून फिरून जागेवर आली, की मठ दणाणायचा, "आहा!"

गेल्या वर्षी एक स्वयंसेविका कमरेत वाकून काकांना म्हणाली, "आपला आवाज फारच खणखणीत आहे." काका खूश! "बघ, कदर आहे या लोकांना!" यंदा तिने फोन करून आवाजाचं पुन्हा कौतुक केलं आणि जागा दिली खांबामागची. आता मात्र मला राहवेना. मठाकडे जाताना गाडीत मी म्हटलं, "काका, ते कौतुक नाही हो. गप्प बसा म्हणतायत ते तुम्हाला."

"असं होय," म्हणाले, आणि रुमालाने खिडकीची काच पुसायला लागले.

मग म्हणाले, "घरीही गाणं लावतो मी. पण 'आहा' म्हणायला शेजारी कोणी लागतं गं. मालू तर समेच्या आधीच म्हणून मोकळी व्हायची. त्यावरून काय भांडायचो आम्ही! आता वर्षभर साठवतो आणि इथे येऊन मोकळा होतो. असो. आज नाही बोलणार."

कुठून मला ही दुर्बुद्धी सुचली, असं झालं.

काकांनी तोंडावर एकावर एक दोन मास्क चढवले. आजींचं वादन सुरू झालं. तान जागेवर आली, काकांचा हात मांडीवरून उठला आणि तसाच खाली गेला. एवढा शहाणा माणूस मला मुळीच बघवेना. वादन संपलं, टाळ्या झाल्या. आजी मात्र उठल्याच नाहीत. मान उंच करून लोकांत शोधत म्हणाल्या, "आज आहा-सान आले नाहीत का?"

अख्खा मठ हसला. स्वयंसेविका लालबुंद! काकांनी खांबामागून शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मग माझं काही चुकलं का?" आजींनी विचारलं. "टाळ्या काय, सगळेच वाजवतात. बरं वाजलं की नाही, ते मला तुमच्याकडूनच कळतं. थांबा, पुन्हा वाजवते."

काकांनी दोन्ही मास्क उतरवले. आजींनी तीच तान घेतली. वर गेली, वळली, खाली यायला लागली. काकांनी तोंड उघडलं, पण 'आहा'ऐवजी रडूच फुटलं. डोळ्यांतून नुसत्या धारा.

आता काय करावं? आयुष्यात कधी जाहीर ठिकाणी मोठ्याने न बोललेली मी, सगळा धीर गोळा करून ओरडले, "आहा!"

आजी हसल्या. काकांनी बाहीने डोळे पुसले आणि माझ्या कानाशी लागले.

"घाई केलीस गं! सम पुढे होती. मालूसुद्धा अश्शीच करायची."