कुरुमिझावा सेन्सेइंचे पाहुणे

खोटं नाव शोधावं तर मीच! उभी हयात पोलिसांत गेली, एकेका चोराची पाच-पाच नावं तोंडपाठ होती. त्यामुळे निवृत्तीनंतर गावच्या प्राथमिक शाळेत 'शाळेचा पोलीस' म्हणून लागलो, तेव्हा पहिलं काम हेच केलं. शाळेला एक खोटा शिक्षक मिळवून दिला!

त्याचं असं आहे. शाळेत कुणी भलता माणूस घुसला, तर स्पीकरवरून "घुसला हो घुसला!" असं ओरडून चालत नाही. पोरं घाबरतात आणि घुसलेला सावध होतो. म्हणून शांतपणे सांगायचं, "कुरुमिझावा सेन्सेइ, आपले पाहुणे आले आहेत. दर्शनी दाराशी यावे." आता या नावाचे सेन्सेइ, म्हणजे शिक्षक, शाळेत नाहीतच! पोरांना वाटतं, असतील कुणीतरी सर. शिक्षकांना मात्र बरोबर कळतं. ते वर्गांची दारं लावून घेतात आणि ज्यांचा तास नसेल ते सासुमाता घेऊन धावतात.

सासुमाता म्हणजे लांब दांडा आणि त्याच्या टोकाला लोखंडी बेचकं. हसू नका! माणसाला भिंतीशी दाबून धरायचं आणि हूं की चूं करू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम.

"पण या आडनावाचं खरंच कुणी आलं तर?" उपमुख्याध्यापिका हिरासेबाईंनी तेव्हाच विचारलं होतं.

"अख्ख्या जिल्ह्यात या आडनावाचं घर नाही!" मी छातीठोकपणे सांगितलं.

त्या दिवशी शिक्षण मंडळाचे नुकुईसान शाळेत येणार होते. माझी नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही, हे त्यांच्या हातात. याची काळजी माझ्यापेक्षा माझ्या बायकोला जास्त. निवृत्तीनंतर थोडे दिवस मी घरी होतो ना! ती निघाली की "कुठे?", परतली की "काय आणलंस?", फोन ठेवला की "कोण होतं?" सवय हो, दुसरं काय!

सकाळी डबा हातात देताना ती म्हणाली, "अहो, काय वाट्टेल ते करा, पण नोकरी टिकवा. तुम्ही परत दिवसभर घरी बसणार असाल, तर मी ताईकडे जाते राहायला. पार उत्तरेला, साप्पोरोला!"

दुपारी हिरासेबाई माझ्याकडे आल्या. "उशिओदासान, एक सांगायचं होतं. चित्रकलेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या ना, त्यांच्या जागी आत्ताच नवीन बाई..."

"नवीन माणसाला तालीम मी देतो!"

"तालमीचं नाही हो. त्यांचं नाव..."

"नाव एकदा ऐकलं की मी जन्मात विसरत नाही. तुम्ही निश्चिंत राहा!"

बाईंनी पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात कुठल्याशा वर्गात जेवण वाढताना सुपाचं भांडं उलटल्याची ओरड आली आणि त्या तिकडे धावल्या.

थोड्याच वेळात स्पीकर खरखरला. "कुरुमिझावा सेन्सेइ, आपले पाहुणे आले आहेत. दर्शनी दाराशी यावे."

माझं रक्त असं सळसळलं म्हणून सांगू! इतके महिने शिकवलेलं सगळं कामी यायची वेळ आली होती. मी धावलो. पीटीचे गोंदो सेन्सेइ आणि विज्ञानाचे सर सासुमाता घेऊन माझ्याही पुढे!

दाराशी एक टक्कल पडलेला गृहस्थ वाकून उभा होता. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, आणि हात पिशवीत खुपसलेला.

"हात बाहेर काढ!" मी गरजलो.

त्याने दचकून हात बाहेर काढला. हातात काहीतरी काळं होतं. "गोंदो, कमरेला! तुम्ही छातीला! दाबा!"

धाडकन आवाज झाला. गृहस्थ भिंतीला चिकटला. हातातली काळी वस्तू खाली पडली. ती शाळेत शिरताना बूट काढून घालायची सपात होती.

"अहो, मी शिक्षण मंडळातून..."

"सगळे असंच सांगतात!" गोंदो म्हणाले. हेही मीच शिकवलेलं.

एवढ्यात जिन्यावरून एक तरुण बाई धावत आल्या. हातांना निळा रंग लागलेला. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला.

"माफ करा, उशीर झाला! मीच कुरुमिझावा. आजच हजर झाले. माझे पाहुणे कुठे आहेत?"

गोंदोंनी माझ्याकडे पाहिलं. मी स्पीकरकडे पाहिलं.

"मीच तो पाहुणा," भिंतीवरून आवाज आला. "मी नुकुई. बाई, तुमच्या नेमणुकीच्या कागदावर तुमच्या सहीचा शिक्का राहिलाय. म्हटलं, आलोच आहे तर घेऊन टाकू, म्हणून ऑफिसात तुम्हाला बोलवायला सांगितलं."

सासुमाता सुटल्या. मी इतका वाकलो की कपाळ गुडघ्याला टेकायचं बाकी राहिलं. माझ्या डोळ्यांपुढे साप्पोरोची गाडी शिट्टी मारत होती.

नुकुईसाननी चष्मा सरळ केला, सपाता घातल्या आणि शांतपणे विचारलं, "यांना हे कुणी शिकवलं?"

"मी," मी जमिनीकडे बघत म्हणालो.

"तुम्ही स्वतः हातसुद्धा लावला नाहीत?"

"नाही. हे दोघंच..."

"अप्रतिम!" त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "इतके तयार शिक्षक मी एकाही शाळेत पाहिले नाहीत! हे पूर्णपणे तुमचं श्रेय, उशिओदासान. मी वर तसंच कळवणार."

माझा जीव भांड्यात पडला. छातीही पुन्हा फुगली.

"आणि हेही कळवणार," ते पुढे म्हणाले, "की या शाळेला आता पोलिसाची काही गरज उरलेली नाही."

सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. निरोप समारंभ कधी ठेवायचा, हेही लगेच ठरलं. ही बातमी बायकोला सांगायला कुणीतरी सोबत चला, असं मी चार-चारदा विनवलं. पण घुसखोराला भिंतीला चिकटवणारे ते दोन वीर कुठे गायब झाले, कोण जाणे! गोंदोंना तर मी शेवटी स्पीकरवरूनही बोलावलं. आलेच नाहीत!