धुळीचा चोख बंदोबस्त

टेबलाच्या पहिल्या फळीवर आराखडेसाहेबांनी पॉलिशपेपर जेमतेम फिरवला होता, तोच स्वयंपाकघरातून हाक आली.

"अहो, ही चहावर साय आलीय की भुसा?"

साहेबांनी गॅरेजच्या दारातून डोकावून पाहिलं. भुसाच होता. चहावर होता, ओट्यावर होता, बायकोच्या भुवयांवरही होता. दुसऱ्या कुणी मधलं दार लावून घेतलं असतं. साहेबांनी पॉलिशपेपर खाली ठेवला आणि पेन्सिल उचलली.

'आराखडे' हे त्यांचं आडनाव नव्हे, ऑफिसात मिळालेली पदवी. पाण्याचा कूलर या भिंतीकडून त्या भिंतीकडे न्यायचा होता. साहेबांनी त्याचा इतका तपशीलवार आराखडा केला, की तो मंजूर होईतो कूलर जागच्या जागी गंजून गेला. आराखडा मात्र अजून फाइलीत ठणठणीत आहे.

"हे बघा," बायको भुवया पुसत म्हणाली, "महिनाअखेरीला ताई आणि भाऊजी येताहेत. जेवायला नवं टेबल आहे आणि ते ह्यांनी स्वतः केलंय, असं मी तिला सांगून बसलेय. तोवर टेबल झालं नाही, तर गॅरेज माझ्या गाडीला. बाहेर उभी राहून राहून पक्ष्यांनी तिचं काय करून ठेवलंय ते बघवत नाही."

"होईल गं टेबल. पण आधी धुळीचा बंदोबस्त. पाया पक्का नको का?"

"टेबलाला पाय लागतात. पाया नाही लागत."

फळ्या तिनेच वखारीतून आणल्या होत्या. एकेक फळी टिचकी मारून, उजेडात फिरवून, वास घेऊन निवडलेली. वखारवाला शेवटी कंटाळून म्हणाला होता, "बाई, लग्नाच्या वेळी तरी एवढी चौकशी केली होतीत का?"

"तेव्हा केली असती, तर आज लाकूड आणायला मला यावं लागलं नसतं," ती म्हणाली होती.

आराखडा मोठ्या बोर्डावर चिकटला. छताखालून एक जाडजूड पाईप, त्याला फांद्या. एक फांदी करवतीला, एक रंधा मशीनला, एक भोकं पाडायच्या मशीनला, एक पॉलिशच्या मशीनला. सगळी धूळ वाहत वाहत कोपऱ्यातल्या निळ्या ड्रममध्ये. यांतली करवत तेवढी घरात होती.

"बाकीची मशीनं कुठायत?" बायकोने विचारलं.

"उद्या घेतली तर? तेव्हा पाईप शोधत हिंडू?"

पाईपांची यादी पाहून दुकानदाराचा चेहरा उजळला. "किती बाथरूम काढताय, साहेब?"

"एकही नाही. पाण्यासाठी नाहीत हे. धुळीसाठी."

दुकानदाराने आपल्या दुकानातल्या धुळीवरून एकवार नजर फिरवली आणि मुकाट्याने पाईप मोजायला घेतले.

उभारणीत महिना बराचसा संपला. मोटर सुरू झाली तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या. पाईपच्या तोंडाशी धरलेला हात असा आत ओढला गेला, की साहेबांना भरून आलं. यंत्रणेने सलामीला त्यांचा रुमाल गिळला, मग पेन्सिल. मग मात्र तिला खायला काही उरलं नाही. आराखडा चालू होता तेवढ्या दिवसांत बायकोने गॅरेजसुद्धा झाडून-पुसून लख्ख केलं होतं.

साहेब स्वयंपाकघरात आले. "अगं, घरात थोडी धूळ असेल का?"

भाजी चिरणारी सुरी थांबली. "काय म्हणालात?"

"धूळ. वाटीभर पुरे."

"माझ्या घरात? फिरवा बोट! कपाटावर फिरवा, पंख्यावर फिरवा. तुमच्या आईंनी आयुष्यभर फिरवलं. त्यांना नाही मिळाली, तुम्हाला मिळणारेय!"

साहेबांनी अंगाला लावायच्या पावडरचा डबा उपडा करून पाहिला. पावडर गेली, पण जीव निवला नाही. लाकडाची धूळ ती लाकडाची. तिचं वजन वेगळं, चाल वेगळी. लाकडाचे तुकडे शोधावेत, तर काही बनवलंच नव्हतं, तुकडे येणार कुठून?

त्यांची नजर फळ्यांकडे गेली. 'टेबल चार बोटं आखूड झालं, तर कुणाचं काय अडतं?' असं स्वतःशी म्हणत त्यांनी करवत लावली. धूळ उडाली, वळली, पाईपमध्ये शिरली. एका सांध्यातून मात्र चिमूटभर बाहेर आली. सांधा बंद केला. आता तो खरोखर बंद झाला का, हे बघायला पुन्हा धूळ हवी. पुन्हा करवत.

मग दुसऱ्या फांदीची परीक्षा. तिथे मशीन नव्हतं, म्हणून साहेब तिच्या तोंडाशी बसून हातानेच फळी घासू लागले. सहा माणसांचं टेबल चौघांचं झालं. 'ते दोघं, आपण दोघं. चारच तर माणसं.' पुढच्या गळतीला ते दोघांचं झालं. 'पाहुण्यांना आधी वाढू.' त्यानंतर टीपॉय. टीपॉयचं स्टूल. स्टुलाचा ट्रे. ट्रेची गरम भांडं टेकवायची चकती. प्रत्येक वेळी आराखड्यावर टेबलाची नवी मापं मात्र न चुकता येत होती.

भिंतीपलीकडे करवतीचा आवाज ऐकून बायको निवांत होती. फोन गॅरेजच्या बाजूला धरून तिने बहिणीला ऐकवलंसुद्धा. "ऐकू येतंय ना, ताई? टेबल होतंय हो! जेवायलासुद्धा बाहेर येत नाहीत."

पाहुणे यायचे त्या दिवशी दुपारी शेवटचा सांधा बंद झाला. चकती घासून साहेबांनी हवेत नजर लावली. एक कण उडेल तर शपथ! त्यांनी चष्मा काढला, बाह्या सरसावल्या. "चला, आता टेबल," म्हणत ते फळ्यांकडे वळले. फळ्या होत्या तिथे भिंत होती. स्वच्छ.

तेवढ्यात बायको टेबलक्लॉथ घेऊन आत आली. "कुठाय?"

साहेबांची नजर निळ्या ड्रमकडे गेली. तिची त्यांच्या नजरेमागोमाग. तिने झाकण उघडलं, वाकून पाहिलं.

"अख्खं?"

"कणभरसुद्धा बाहेर गेलेलं नाही," साहेब म्हणाले. वाईट इतकंच, की हे सांगताना त्यांची छाती किंचित फुगली होती.

बायकोने टेबलक्लॉथ खांद्यावर टाकला. तिने झाकण लावलं आणि ड्रमकडे बोट केलं. साहेबांनी तो ढकलत, धापा टाकत जेवायच्या खोलीत आणला. तिने आराखड्याचा बोर्ड ड्रमवर आडवा टाकला, वर टेबलक्लॉथ अंथरला आणि पानं मांडली.

संध्याकाळी चौघं ड्रमभोवती गुडघे आवळून बसले.

"ताई, हे आपलं टेबल," बायको म्हणाली. "वखारीतून मी निवडून आणलेलं सगळं लाकूड यातच आहे. ह्यांनी काही वाया जाऊ दिलेलं नाही."

ताईने टेबलक्लॉथ उचलून खाली पाहिलं आणि तो हलकेच पुन्हा सोडला.

"म्हणजे टेबल झालं, असं तू मान्य करतेस ना?" साहेबांनी आशेने विचारलं. "मग गॅरेज...?"

"उद्यापासून गाडीला."

"अगं, पण झालं म्हणालीस ना!"

"झालं तर! मग आता तिथं करायचं काय राहिलंय?"

साहेबांनी मान खाली घालून घास घेतला. साडूंचं मात्र जेवणाकडे लक्षच नव्हतं. उघड्या दारातून त्यांना गॅरेजमधलं छत, त्याखालचे पाईप आणि त्यांच्या त्या ऐटदार फांद्या दिसत होत्या.

"साहेब, काम मात्र मानलं," ते म्हणाले. "आमच्या गॅरेजात असंच एक बसवून द्या ना. या चार दिवस राहायला."

साहेबांचा हात पेन्सिलीसाठी खिशाकडे गेला.

"मुळीच नको हं," ताई ताडकन म्हणाली. "आमचं टेबल अजून वापरात आहे."