पासपोर्ट वाचला पाहिजे

राष्ट्राची गुपितं आणि निवृत्त माणसाची जन्मतारीख या दोन गोष्टी शत्रूच्या हाती पडता कामा नयेत. पहिलीसाठी सैन्य आहे. दुसरीसाठी, निदान अण्णा नगरच्या आमच्या गल्लीत, मी आहे. चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या संरक्षण कारखान्यात मी उभा जन्म नोकरी केली आणि तिथे नेमकं काय करत होतो हे बायकोलाही कळू दिलं नाही. (तिने विचारलंही नाही.)

आमच्या देविकाचं लग्न जर्मनीत ठरलं. कचेरीतलं लग्न, वधूपक्षाची दोनच माणसं: सुनंदा आणि मी. त्यासाठी आम्ही नवे पासपोर्ट काढले. हल्लीच्या पासपोर्टाच्या पुठ्ठ्यात एक चिप असते आणि तिच्यात आपली सगळी कुंडली असते. देविकाने फोनवर बजावलं, "बाबा, बाकी काही विसरलात तरी चालेल, पण एअरपोर्टवर पासपोर्ट वाचला पाहिजे हं! नाहीतर परत पाठवतात."

मुलगी चेन्नईत वाढलेली. तमिळ आणि इंग्रजी फाडफाड, मराठी जरा जपून. तिने इतकं नीट वाक्य उच्चारलं याचाच मला आनंद झाला. पासपोर्ट वाचला पाहिजे, म्हणजे तो कोणापासून तरी वाचवायला हवा, हे उघड होतं. कोणापासून, याचं उत्तर आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधीच येऊन पडलं होतं. चोर म्हणे हल्ली खिशाला हातही लावत नाहीत. नुसते शेजारून जातात आणि त्यांच्या पिशवीतलं यंत्र आपली चिप परस्पर वाचून घेतं. (मजकुराखाली 'जसा आला तसा पाठवला' असं लिहिलेलं असल्याने शंकेला जागाच नव्हती.)

मी तातडीने एकसदस्यीय समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद एकमताने स्वीकारलं. समितीने आधी बाजारपेठेची पाहणी केली. एका दुकानात मी अस्खलित तमिळमध्ये 'चिप्पु'साठी कव्हर मागितलं. दुकानदाराने कव्हरसकट कंगवा दिला. (तमिळमध्ये सीप्पु म्हणजे कंगवा. माझ्या डोक्याकडे पाहून त्याने जरा विचार करायला हवा होता.) दुसऱ्याच्या भाषेत शब्दांचा असा घोळ होतो, आपल्या मराठीत बोललं की सरळ कळतं, असं मी घरी येऊन सुनंदाला समजावलं.

अखेर पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद कामी आला. नुसता गुंडाळला तर सुटतो, म्हणून डिंकाने पुठ्ठ्याला आतून-बाहेरून पक्का चिकटवला आणि त्यावर आणखी एक थर दिला. समितीच्या अंदाजानुसार चोरीची शक्यता शंभर टक्क्यांवरून शून्यावर आली. (शंभर हा आकडाही समितीचाच.) सुनंदाच्या पासपोर्टलाही मी संरक्षण देऊ केलं. ती म्हणाली, "माझा राहू द्या. तुम्ही दुरुस्त केलेला मिक्सर अजून माळ्यावर पडलाय." आणि तिने तो पर्समध्ये, अक्षतांच्या पुडीशेजारी, तसाच उघडाबोडका टाकला. मला तिची कीव आली.

विमानतळावर तिचा पासपोर्ट यंत्रावर ठेवताच दिवा हिरवा झाला आणि ती पलीकडे गेली. मग माझा ठेवला. काही नाही. उलटा ठेवला. तरी काही नाही. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? सरकारी यंत्राला जे जमत नाही ते चोराला काय जमणार!

"सार, एन्न इदु?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं. म्हणजे, हे काय आहे?

"सेफ्टी, मॅडम."

बाईंनी नखाने चांदी सोलली. चांदीबरोबर डिंकात अडकलेलं पान आलं आणि पानाबरोबर माझ्या नावाचा पापुद्रा. बाळकृष्ण या नावातला कृष्ण गेला, बाळ तेवढा उरला. मग त्यांनी माहिती तोंडी मागितली. काचेपलीकडे ऐकू जाईना, म्हणून मी नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, पत्ता, सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना नंबराच्या शेवटी अडखळलो, तेव्हा रांगेत मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी तो पुरा केला. त्यांचं पाठांतर उत्तम होतं.

"सॉरी सार. पासपोर्ट डॅमेज. पोग मुडियादु," बाई हळहळून म्हणाल्या. जाता येणार नाही. इतकं तमिळ मला येतं.

पलीकडे सुनंदा परत फिरायला निघाली होती. मी हातानेच 'जा' म्हणून खुणावलं. पोरीजवळ एक तरी हवं. ती तिथूनच ओरडली, "तुमच्या वाटच्या अक्षता मी टाकते हो!" तेव्हा मात्र अभिमान पार उतरला.

मेट्रोने घरी येताना देविकाचा मेसेज आला: "बाबा, पासपोर्ट वाचला?" मी खरं तेच लिहिलं: "वाचला." तिने नाचणारी बाहुली पाठवली. थोड्या वेळाने, बहुधा आईशी बोलून, तिचा फोन आला. ती रडत होती. "बाबा, वाचला म्हणजे रीड हो! मशीनने रीड केला पाहिजे, असं म्हणत होते मी!"

मराठीत बोललं की सरळ कळतं.

लग्न मी फोनवर पाहिलं. सुनंदाने दोनदा अक्षता टाकल्या. दुसऱ्यांदा टाकताना तिने फोनकडे पाहिलं आणि मला चष्मा पुसावा लागला. समोर टेबलावर पासपोर्ट होता. त्याला आजवर कोणीही वाचलेलं नाही, म्हणून तो वाचला.

हसलात? हसा. माझ्या पासपोर्टचा निकाल मी लावला. तुमच्याची झेरॉक्स मात्र मागच्या सहलीच्या हॉटेलात आहे, नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, तिकिटं काढणाऱ्या मेहुण्याच्या फोनमध्ये आहे आणि त्याने चुकून पाठवली तेव्हापासून अख्ख्या फॅमिली ग्रुपवर आहे. तेव्हा काळजी नसावी. तुमचाही पासपोर्ट वाचलेलाच आहे. फक्त देविकाच्या अर्थाने.